न उघडणारे झाकण

आमच्या घरासमोर उभी असलेली जुनी मोटार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या मालकाच्या सांपत्तिक स्थितीविषयी निराळे सांगावयास नको. तिचे इंजिन ऑइल घरच्या घरी बदलावे, चार पैसे वाचवावेत आणि त्याबरोबर थोडे ज्ञानही पदरी पडावे, अशा हेतूने दोन वर्षांपूर्वी मी हा उद्योग आरंभिला. पहिल्या खेपेस सारे सुरळीत पार पडले. दुसऱ्या खेपेस, म्हणजे गेल्या वर्षी, जे घडले त्यातून भौतिकशास्त्राचे दोन धडे मला मिळाले. कलाशाखेच्या पदवीधराला ते उशिरा मिळाले, हे कबूल केले पाहिजे.

आधी या गाळणीचे प्रयोजन पाहू. इंजिनातील धातूचे भाग अतिशय वेगाने एकमेकांजवळून फिरत असतात. त्यांच्यामधील वंगणाचा पातळ थर नाहीसा झाला, तर ते तापून एकमेकांना धरून बसतील. हे वंगण आपल्याबरोबर काजळी आणि धातूचा बारीक चुरा वाहून नेते. तो अडविण्यासाठी गाळणी लागते. आरंभीच्या मोटारींना अशी गाळणी नसे व वंगण वारंवार बदलावे लागे. अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड याने १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी गाळणी तयार केली व तिला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘पुढे शुद्ध वंगण’, या शब्दांची ती संधी आहे. भाषेच्या शिक्षकाला हा तपशील गाळणीपेक्षाही अधिक आवडला, तर वाचकांनी क्षमा करावी!

माझ्या गाडीतील गाळणी हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या घातलेल्या कागदाची आहे. ती ॲल्युमिनियमच्या एका भांड्यात बसते, आणि त्या भांड्याचे तोंड जमिनीकडे असून त्याला आट्यांचे प्लॅस्टिकचे झाकण आहे. झाकणाभोवती रबरी कडे असते; त्याने वंगण बाहेर गळत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आंबोली घाटाने पेडण्यास जाऊन आईला डोळे तपासण्यासाठी बेळगावास आणावयाचे होते. म्हणून आदल्या दिवशी दुपारीच मी कामास लागलो. प्रथम खालचा बूच काढून सारे जुने वंगण परातीत सोडले, आणि मग गाळणीच्या झाकणाला हात घातला. हा क्रमच चुकीचा होता. झाकण सुटते की नाही, हे वंगण सोडण्यापूर्वी पाहावे. न सुटल्यास गाडी निदान दुरुस्तीच्या दुकानापर्यंत चालवत नेता येते. माझी गाडी आता जागची हलण्याजोगी राहिली नव्हती.

झाकण हाताने फिरेना. साहजिकच होते. त्यावर ‘२५ न्यूटन-मीटर’ असा आकडा छापलेला आहे. हे फिरविण्याच्या बळाचे, म्हणजे आघूर्णाचे माप होय. बळाला मध्यापासूनच्या अंतराने गुणले की ते मिळते. झाकणाचा व्यास ८ सेंटिमीटर धरला, तर बोटे मध्यापासून केवळ ४ सेंटिमीटरवर येतात, आणि तेवढ्याच घट्ट बसलेल्या झाकणासाठी ६२५ न्यूटन, म्हणजे सुमारे ६४ किलो वजनाइतका जोर बोटांनी लावावा लागेल. तेच काम २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याने केल्यास १०० न्यूटन, म्हणजे जेमतेम १० किलोचा जोर पुरतो. हे सूत्र विज्ञानाच्या मुलांना तोंडपाठ असते. ते मला त्या दिवशी आठवले नाही. मी नळ दुरुस्त करण्याचा दातेरी पाना आणला आणि बॉनेट उघडून वरून आत हात घालून सारा जोर एकवटला. झाकणाच्या दोन कडा तुटल्या. झाकण तसूभरही हलले नाही.

शेजारचा नववीतला एक विद्यार्थी माझ्यासाठी विजेरी धरून उभा होता. अर्धा तास त्याने मौन पाळले. मग तो हळूच म्हणाला, “सर, घड्याळाच्या उलट फिरवायचं म्हणता, पण घड्याळ वरनं बघायचं की खालनं?”

मी पाना खाली ठेवला. आटे सोडविण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते हे खरे, परंतु ती झाकणाच्या तोंडासमोरून पाहिल्यास. माझ्या गाडीत ते तोंड जमिनीकडे, आणि मी तर वरून पाहत होतो. म्हणजे अर्धा तास मी झाकण उघडीत नव्हतो, आवळीत होतो. (काचेच्या तावदानावर घड्याळ काढून दोन्ही बाजूंनी पाहा, म्हणजे ही गोष्ट चटकन ध्यानी येईल.)

तोच मुलगा धावत जाऊन फाट्यावरच्या मेस्त्रींना घेऊन आला. यंत्राचे बाळकडू बेळगावला जुनेच आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून झाला, हे अनेकांना ठाऊक असेल. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आमच्या मेस्त्रींना त्या इतिहासाचे काही नव्हते. त्यांनी झाकणावरून बोट फिरविले आणि विचारले, “सर, मागच्या खेपेला हे कुणी बसवलं होतं?”

मीच बसविले होते. गळू नये म्हणून अंगातले सारे बळ लावून, आणि रबरी कड्याला वंगणाचा हातही न लावता. कोरडे कडे वर्षभर इंजिनाच्या उष्णतेत भाजून भांड्याला चिकटून बसले होते.

मेस्त्रींनी उकळत्या पाण्यात बुडविलेले फडके चिमट्याने धरून भांड्याभोवती गुंडाळले. धातूचे भांडे तापून किंचित फुगते, आतले प्लॅस्टिक तोवर थंड असते, आणि मधली पकड सैल होते. लोणच्याच्या बरणीचे घट्ट बसलेले पत्र्याचे झाकण माझी आई याच रीतीने उघडते. लहानपणी मी त्याच्याशी झटू लागलो की ती म्हणे, “बळ नाका, ऊन उदक जाय!” तापवायचे ते बाहेरचे कडे, मग ते बरणीचे झाकण असो की इंजिनाचे भांडे. ज्योत मात्र येथे कदापि लावू नये. प्लॅस्टिक वितळेल, आणि वंगण पेट घेईल. नंतर गाडी लोखंडी आधारांवर नीट टेकवून (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये) मेस्त्री खाली शिरले. त्यांनी झाकणाच्या उरलेल्या सर्व कडा एकदम पकडणारा वाटीसारखा पाना बसविला, त्याला दांडा जोडला आणि धक्का न देता संथ, वाढता जोर लावला. ‘कट्’ असा आवाज झाला. झाकण सुटले.

तुटक्या कडांचे झाकण पुन्हा बसविणे मेस्त्रींना मान्य नव्हते. घाटात ते गळू लागले असते, तर वंगण जाऊन इंजिन जागीच अडकले असते. नवे झाकण आणण्यासाठी मी बसने बेळगावास जाऊन आलो. येईपर्यंत दिवेलागण झाली होती. नव्या रबरी कड्याला स्वच्छ वंगणाचे बोट लावले, आटे हाताने जुळविले, आणि माप दाखविणाऱ्या पान्याने बरोबर २५ न्यूटन-मीटरवर थांबलो. आणखी थोडे आवळावे, असे हाताला फार वाटत होते! नवे वंगण ओतून इंजिन दोन मिनिटे चालविले, बंद केले, खाली वाकून गळती पाहिली, आणि थोड्या वेळाने दांडीवर पातळी तपासली. परातीतले काळे वंगण मेस्त्रींच्या पिंपात गेले. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. गटारात ओतले तर ते मार्कंडेय नदीच्या वाटेला लागते.

दुसऱ्या दिवशी आंबोलीस चहासाठी थांबलो असता मी गाडीखाली डोकावून पाहिले. झाकण कोरडे होते. परतीच्या वाटेवर ही सारी हकीकत आईला सांगितली. तिने मेस्त्रींविषयी, किंवा खर्चाविषयीही, काही विचारले नाही. त्या मुलाला काय दिलेस, एवढेच विचारले. त्याच संध्याकाळी तिने गावाहून आणलेली लोणच्याची बरणी शेजारी पोचती झाली.