दूरचा संगणक काय सांगतो?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे, त्यावर लिनक्स आहे. पुस्तकांची देवघेव आम्ही त्यावर नोंदवतो. काही अडले की माझी मुलगी पुण्यात बसून त्यात शिरते, काळ्या पडद्यावर चार ओळी टाइप करते आणि तो पुन्हा चालू लागतो. इतक्या लांबून जाणारा पासवर्ड वाटेत कोणी वाचत कसा नाही? आणि हात न लावता डिस्क बिघडली की रॅम, हे तिला कळते कसे?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : तुमची मुलगी वापरते त्या पद्धतीचे नाव एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. ती येण्याआधी दूरच्या संगणकात शिरण्यासाठी टेलनेट वापरत. टेलनेटमध्ये पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जाई. वाटेतल्या एखाद्या संगणकावर चोरून ऐकणारा प्रोग्रॅम बसवला की लोकांचे पासवर्ड आपोआप जमा होत. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर हेच घडले. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षी सर्वांना वापरायला दिले. प्रत्येक सेवेला पोर्ट नावाचा ठरलेला क्रमांक असतो : फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी रीतसर मागून घेतला. आजही एसएसएचचा ठरलेला पोर्ट २२ हाच आहे.

पुढे मूळ प्रोग्रॅमच्या परवान्यातली मोकळीक कमी होत गेली. तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी जुन्या, मोकळ्या परवान्याच्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच उभे केले. डिसेंबर १९९९मध्ये ते ओपनबीएसडी २.६ सोबत बाहेर पडले. तुमच्या वाचनालयातल्या लिनक्सवर बहुधा तेच चालत असणार.

आता पासवर्डचे. जोडणी होताच दोन्ही संगणक आधी आपसात एक गुपित ठरवतात, आणि तेही उघड्या तारेवरून. दोघेही स्वतःपुरती एक गुप्त संख्या निवडतात, तिच्यावरून गणिताने दुसरी संख्या काढतात आणि ही दुसरी संख्या उघडपणे पाठवतात. आपली गुप्त संख्या आणि समोरून आलेली उघड संख्या यांवरून दोघांनाही एकच उत्तर मिळते. वाटेत ऐकणाऱ्याला दोन्ही उघड संख्या मिळाल्या, तरी त्यांवरून ते उत्तर काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ही युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. त्या उत्तरातून तयार झालेल्या किल्ल्यांनी पुढचा सगळा संवाद कूटबद्ध होतो. पासवर्ड निघतो तो त्यानंतर. म्हणून वाटेतल्या माणसाच्या हाती निरर्थक अक्षरेच लागतात.

प्रश्न : मुलगी म्हणते, ती पासवर्ड टाकतच नाही, ‘की’ वापरते. त्यात अधिक सुरक्षित काय आहे?

उत्तर : ती बरोबर करते आहे. पासवर्ड कूटबद्ध होऊन गेला तरी पलीकडच्या संगणकाला तो उलगडून मिळतोच. पलीकडे खोटा संगणक बसला असेल, तर पासवर्ड त्याच्या हाती पडला. किल्लीच्या पद्धतीत जोडी असते : सार्वजनिक किल्ली वाचनालयाच्या संगणकात ठेवायची, खासगी किल्ली मुलीच्या लॅपटॉपवर. शिरताना लॅपटॉप त्या जोडणीपुरत्या मजकुरावर खासगी किल्लीने सही करतो आणि वाचनालयाचा संगणक ती सही सार्वजनिक किल्लीने तपासतो. खासगी किल्ली लॅपटॉपबाहेर जात नाही आणि एका जोडणीची सही दुसऱ्या जोडणीला चालत नाही.

किल्ली बनवताना एड२५५१९ हा प्रकार निवडावा. ओपनएसएसएचमध्ये तो २०१४पासून आहे आणि त्याची किल्ली आटोपशीर असते. खासगी किल्लीला परवलीचा शब्द जरूर लावावा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला लगेच आत शिरता येणार नाही. किल्लीने शिरता येते याची खात्री झाल्यावर वाचनालयाच्या संगणकावर पासवर्डने शिरणे बंद करावे. हा बदल करताना चालू असलेली जोडणी तशीच उघडी ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने शिरून पाहावे. सेटिंगमध्ये एक अक्षर चुकले तर बाहेरून दार बंद होते, आणि मग दुरुस्तीसाठी गावालाच यावे लागते.

प्रश्न : मागे एकदा तिच्या पडद्यावर मोठ्ठा इशारा आला, ‘दूरच्या संगणकाची ओळख बदलली आहे’ अशा अर्थाचा. ती थांबली आणि मलाच फोन केला. एवढे घाबरण्यासारखे होते का?

उत्तर : थांबून फोन करणे हेच योग्य. एसएसएचमध्ये संगणकालाही स्वतःची किल्ली असते. पहिल्यांदा शिरताना तिचा ठसा पडद्यावर दिसतो : ‘एसएचए२५६’ आणि पुढे ४३ अक्षरे. ‘हो’ म्हटले की लॅपटॉप ती किल्ली जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी ताडून पाहतो. जुळली नाही की तो इशारा येतो.

याची कारणे अनेक असू शकतात. मधे कोणी तोतया संगणक बसवला असेल. राउटरने जुना पत्ता दुसऱ्याच संगणकाला दिला असेल. किंवा डिस्क बदलून लिनक्स नव्याने टाकले असेल, कारण नव्या स्थापनेत संगणकाची किल्लीही नवी तयार होते. म्हणजे सुरक्षेचा वाटणारा इशारा कधी कधी दुरुस्तीची बातमी असतो. गावातल्या मेकॅनिकने डिस्क बदलली आणि मुलीला सांगायचे राहिले, तर तिला ते असेच कळणार.

पुष्कळ जण घाईने जुनी नोंद पुसतात आणि पुढे जातात. पासवर्ड वापरणाऱ्याने असे केले आणि पलीकडे तोतया असला, तर पासवर्ड गेलाच. तुम्ही वाचनालयातल्या संगणकासमोर बसून त्याच्या सार्वजनिक किल्लीचा ठसा पडद्यावर आणावा आणि फोनवर मुलीला वाचून दाखवावा. तिच्या पडद्यावरच्या ठशाशी अक्षर न् अक्षर जुळला, तरच तिने नवी किल्ली स्वीकारावी.

प्रश्न : संगणक उत्तरच देईनासा झाला, तर बिघाड कुठे आहे हे दुरून कसे समजते?

उत्तर : ‘जोडत नाही’ एवढे म्हणून थांबू नये, जोडणी कशी फसली ते पाहावे. पडद्यावरचे शब्द बिघाडाची जागा पुष्कळ अंशी सांगून जातात.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले, तर यंत्र चालू आहे, नेटवर्कही आहे. नकार देण्याइतपत ते जागे आहे. बहुधा एसएसएचची सेवा बंद पडली आहे. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आले, तर पलीकडून काहीच परतले नाही : वीज गेली, राउटर बंद पडला, यंत्र गोठले किंवा फायरवॉल गुपचूप संदेश टाकून देते आहे. ‘परमिशन डिनाइड’ आले, तर हार्डवेअरकडे पाहायचे कारणच नाही. यंत्र, तार, सेवा सगळे ठीक आहे. किल्ली किंवा फाइलींच्या परवानग्या तपासाव्यात. वाचनालयापर्यंत पोचायला मधे दुसरा सर्व्हर वापरत असाल, तर पहिले दोन निरोप त्या सर्व्हरबद्दलचेही असू शकतात.

आणखी एक लक्षण ओळखून ठेवण्यासारखे आहे : ‘पिंग’ला, म्हणजे ‘जागा आहेस का?’ या हाकेला, उत्तर येते, पण एसएसएच अडकून बसते. पिंगचे उत्तर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, थेट स्मृतीतून देतो, त्याला डिस्क लागत नाही. आत शिरायचे तर मात्र नवा प्रोग्रॅम सुरू व्हावा लागतो, फाइली वाचाव्या लागतात. हे लक्षण दिसले की संशयितांच्या यादीत डिस्क वर आणावी. रॅम पुरी भरून यंत्र रेंगाळत असेल तरी असेच दिसते.

प्रश्न : आत शिरता आले, तर पुढे ती काय पाहते?

उत्तर : कर्नलच्या नोंदी. लिनक्सचा गाभा प्रत्येक उपकरणाबद्दल ओळीमागून ओळ लिहीत असतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की त्या दिसतात. ‘जर्नलसीटीएल’ने मागच्या वेळी यंत्र बंद पडले तेव्हाच्या नोंदीही काढता येतात, मात्र त्या डिस्कवर साठवण्याची सोय आधीपासून चालू असावी लागते. बंद होण्याची रीतसर नोंद नसताना ओळी मधेच तुटल्या असतील, तर वीज, पॉवर सप्लाय किंवा तापलेला प्रोसेसर यांकडे बोट जाते. तापमानाच्या तक्रारी आधीपासून दिसत असतील, तर पंख्यातली धूळ काढायची वेळ झाली आहे.

डिस्क स्वतःची हजेरीपुस्तिका ठेवते. ‘स्मार्टसीटीएल’ने ती वाचता येते. त्यातले तीन आकडे महत्त्वाचे. पहिला, खराब निघून बदललेल्या सेक्टरांचा. दुसरा, वाचता न आलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांचा. हे दोन वाढत असतील तर चाचण्या करत बसू नये. आधी देवघेवीच्या नोंदींची प्रत दुसरीकडे काढावी. तिसरा, साटा केबलवरून जाताना माहितीत झालेल्या चुकांचा. पहिले दोन शून्य आहेत आणि फक्त तिसरा वाढतो आहे, तर डिस्क टाकून देण्याआधी केबल बदलून पाहावी. नवी डिस्क आणि नवी केबल यांच्या किमतीतला फरक वाचनालयाला चांगलाच जाणवेल.

रॅमचा बिघाड फसवा असतो. आज एक प्रोग्रॅम कोसळतो, उद्या दुसराच. अशा वेळी मेमटेस्ट८६+ चालवावे. ते लिनक्स सुरू होण्याआधी चालते, त्यामुळे ते दुरून होत नाही. तिथे तुमचे हात लागतात. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो. वीज पूर्ण तोडून पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घट्ट बसवावी आणि एकेक पट्टी स्वतंत्र तपासावी.

वायफाय चालत नाही म्हणून कार्ड बदलण्याआधी ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने उपकरणांची यादी पाहावी. यादीत कार्डच नसेल, तर ते सुटले आहे किंवा निकामी झाले आहे. कार्ड दिसते पण ड्रायव्हर लागलेला नसेल, किंवा फर्मवेअर सापडले नाही अशी नोंद असेल, तर बिघाड हार्डवेअरचा नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीने हे फर्मवेअर मुक्त नाही म्हणून पुष्कळ वर्षे मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. २०२२मध्ये सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३मधल्या डेबियन १२पासून ते सोबत येऊ लागले.

आणि वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. इथे गंमत अशी की साध्या किल्लीवर तारीख नसल्यामुळे एसएसएच नेहमीसारखे चालते, पण प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत म्हणून वेबसाइटी उघडत नाहीत. इंटरनेट बिघडले असे वाटते आणि दोष एका छोट्या सेलचा निघतो.

प्रश्न : हे सॉफ्टवेअर कोणीही वाचू शकतो. मग चोरही वाचणार. ते सुरक्षित कसे?

उत्तर : मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये चुका होत नाहीत असे नाही. २००६ साली डेबियनमधल्या ओपनएसएसएल या लायब्ररीत एक बदल झाला आणि किल्ली बनवताना लागणारी यदृच्छा जवळजवळ संपली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीच्या जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. ही चूक सगळ्यांसमोर उघडी पडून होती, तरी ती जाहीर व्हायला मे २००८ उजाडला.

याउलट २०२४चे पाहा. एक्सझेड या फाइल आकसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी टोपणनावाने दीर्घकाळ विश्वास कमावून चोरदार बसवले. फेब्रुवारी आणि मार्चमधल्या दोन आवृत्त्यांमध्ये ते होते आणि काही लिनक्स प्रणालींवर त्यातून थेट एसएसएचच्या सेवेपर्यंत हात पोचत होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दिसले की एसएसएचने शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे आणि प्रोसेसरही विनाकारण राबतो आहे. त्यांनी ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिले नाही. माग काढत ते चोरदारापर्यंत पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जगजाहीर केले. बहुतेक स्थिर प्रणालींमध्ये ते तोवर शिरलेही नव्हते.

मोकळेपणा वाचायचा हक्क देतो. सुरक्षितता येते ती कोणीतरी तो हक्क बजावल्यावर.

प्रश्न : मी संगणकतज्ज्ञ नाही. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : पुष्कळ आहे. संगणक नीट चालत असतानाच मुलीकडून ‘डीमेसेज’ची प्रत, उपकरणांची यादी आणि डिस्कचे आकडे काढून घ्या आणि छापून वाचनालयाच्या फायलीत लावा. बिघाडाच्या दिवशी आजच्या नोंदींशी ताडून पाहायला निरोगी दिवसाच्या नोंदी हव्यात; त्या नसल्या की निष्णात माणूसही चाचपडतो. त्याच पानावर संगणकाच्या किल्लीचा ठसा लिहा. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल असे बायोसमध्ये एकदा लावून घ्या. डिस्क, केबल, रॅम काहीही बदलले की तारीख घालून नोंदवा.

आणि पडद्यावर काही आले, तर ‘काहीतरी एरर आहे’ एवढेच फोनवर सांगू नका. फोटो काढून पाठवा किंवा शब्दन् शब्द वाचून दाखवा. पुण्यात बसलेल्या तुमच्या मुलीला दुरुस्ती येते. तिला हवा असतो तो यंत्राचा नेमका निरोप, आणि तो तुमच्याइतका जवळून दुसरे कोणी वाचू शकत नाही.