अठरा हजारांचा कूलर घ्यावा का?

प्रश्न : आम्ही मूळचे खानदेशातल्या अमळनेरचे, आता सुरतेत उधन्यात राहतो. गावाकडे सासऱ्यांनी कारागिराकडून बनवून घेतलेला पत्र्याचा कूलर आहे. भर मे महिन्यात दुपारी त्याच्यासमोर झोपलं तर अंगावर चादर घ्यावी लागते. इथे मात्र आमच्या कंपनीच्या कूलरने नुसती चिकचिक होते. दुकानदार म्हणतो, साधं मॉडेल आहे म्हणून असं होतं. १८,००० रुपयांचं प्रीमियम घ्या, त्यात हनीकोम्ब पॅड, बर्फाचा कप्पा, ह्युमिडिटी कंट्रोल, रिमोट, सगळं आहे. घ्यावा का?

उत्तर : ताई, सासऱ्यांचा कूलर उचलून उधन्याला आणलात तर तोही चिकचिकच करील. आणि तुमचा इथला कूलर अमळनेरला नेलात तर तो तिथे झकास चालेल. दोष यंत्राचा नाही, म्हणून नुसतं यंत्र बदलून तो जाणारही नाही.

कूलरमध्ये हवा थंड करणारं असं यंत्र नसतंच. एक छोटा पंप पॅडवर पाणी सोडत राहतो आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या पॅडमधून आत ओढतो. पाण्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती पाणी त्या हवेतूनच घेतं, म्हणून हवा गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या युनिटच्या सुमारे दोन तृतीयांश इतकी उष्णता शोषली जाते. काम भरपूर होतं, पण वाफ झाली तरच. अमळनेरला मे महिन्यात दोरीवर टाकलेली चादर बघता बघता वाळते आणि सुरतेत जूनअखेर तीच चादर दिवसभर ओलसर राहते, तसंच कूलरच्या पॅडचं. हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर पाणी जातं कुठे?

ही मर्यादा घरीच मोजता येते. भिंतीवर लावतात तो साधा तापमापक घ्या (ताप बघायचा नको, त्याचे आकडे ३५ अंशांच्या आसपास सुरू होतात). त्याच्या खालच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा आणि दहा मिनिटं पंख्यासमोर धरा. आकडा उतरत जाऊन जिथे थांबेल, त्याच्या खाली जगातला कुठलाही साधा कूलर हवा नेऊ शकत नाही, मग तो ५,००० चा असो की २५,००० चा.

आता आकडे बघू. खानदेशात दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा आकडा २३ च्या जवळ येतो. म्हणजे उतरायला २० अंशांची जागा आहे. सुरतेत मेच्या मध्यात खंबातच्या आखाताकडून वारं सुटलं की ३६ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरा. तिथे आकडा साडेसत्तावीसला थांबतो, जागा उरते साडेआठ अंश. जूनमधल्या रात्री ३० अंश आणि ८० टक्के असताना ती जेमतेम तीन अंश. शिवाय कूलर आणखी आर्द्रता खोलीत आणून ओततो, घाम वाळत नाही आणि तुम्ही म्हणता ती चिकचिक होते.

दुकानदाराच्या यादीतली एक गोष्ट खरोखर कामाची आहे, ती म्हणजे पॅड. वुडवूलच्या, म्हणजे लोक ज्यांना गवताच्या ताट्या म्हणतात त्या, या उपलब्ध जागेच्या साधारण ६५ टक्के हवा उतरवतात. नागमोडी घड्यांच्या जाड कागदाचं चांगलं हनीकोम्ब पॅड ८५ टक्क्यांपर्यंत जातं आणि नीट निगा राखली तर दोन-तीन उन्हाळे टिकतं. पण या सुधारणेची किंमत गावागणिक बदलते. अमळनेरला त्याने चार अंश जास्त मिळतील. सुरतेच्या त्या मेमधल्या दुपारी दोन अंशही नाहीत. जूनच्या रात्री अर्धा अंश, जो तुम्हाला जाणवणारही नाही.

बर्फाच्या कप्प्याला भुलू नका. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सात पट उष्णता एक किलो पाणी वाफ होताना घेतं. फ्रिजमधला तीन किलो बर्फ घातलात तरी दीड टनाचा एसी तीन-साडेतीन मिनिटांत करतो तेवढंच काम झालं. आणि तो बर्फ करायला तुमच्याच फ्रिजने वीज खाल्ली, उष्णता तुमच्याच घरात सोडली. ह्युमिडिटी कंट्रोलचंही तसंच. बहुतेक कूलरांत ते बटण पंप बंद करतं, म्हणजे कूलरचा पंखा होतो. हवेतलं बाष्प काढून घेण्याची सोय कूलरमध्ये नसते. रिमोट, टच पॅनल हौसेचे.

नवा घेण्याआधी एक गोष्ट करून बघा. बरीच मंडळी एसीसारखी दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात, आणि तो खोलीच्या मधोमध ठेवतात. मग तीच दमट हवा पुन्हा पुन्हा पॅडमधून फिरते आणि अर्ध्या तासात खोली कोंदट होते. कूलरची पाठ खिडकीला लावा, बाहेरचीच हवा आत येऊ द्या, आणि समोरचं दार किंवा खिडकी हातभर उघडी ठेवा. १० बाय १२ च्या खोलीला तासाला हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर पुरतो. चार हजारांचा आकडा हॉलसाठी, तो झोपायच्या खोलीत नुसता आवाज करील. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी, हवा ३९ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असते तेव्हा, असा नीट लावलेला तुमचा आहे तोच कूलर दहा अंशांच्या आसपास उतार देईल. एवढी दुरुस्ती फुकटात होते.

तर माझं मत असं, की उधन्यासाठी १८,००० चा कूलर घेऊ नका. आहे त्याचं पॅड बदला, एप्रिलपर्यंत तो मजेत वापरा. मेच्या मध्यापासून पुढच्या दमट दिवसांत पंप बंद ठेवून पंखाच लावा. वाचलेले पैसे एसीसाठी बाजूला ठेवा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी साधारण ३५ ते ४५ हजारांना पडतो आणि पूर्ण जोरात दीड हजार वॉटच्या आसपास खातो, कूलर दोनशेच्या आतबाहेर. तेव्हा बिलाचा विचार करूनच घ्यावा. पण हवेतलं बाष्प बाहेर काढण्याचं काम एसीच करतो, आणि सुरतेत त्रास त्या बाष्पाचाच आहे.

खर्च करायचाच असेल तर गावाकडे करा. पत्र्याचा कूलर गारवा उत्तम देतो, पण आत पाणी, वायर आणि लोखंड एकत्र असतं. अर्थिंग नसेल तर ओल्या पायाने पाणी भरताना शॉक बसून जीव जातात, आणि विदर्भ-खानदेशात अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. सासऱ्यांना चांगल्या हनीकोम्ब पॅडचा, प्लॅस्टिक बॉडीचा कूलर घेऊन द्या. टच पॅनल नसलेलं मधलं मॉडेल पुरे. तोवर जुन्या कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरण्याआधी प्लग काढायची सवय सगळ्या घराला, विशेषतः मुलांना, लावा. दोन्ही घरी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते.