बेटाने वाढणारे लहान ताड

ताडकुलातील वृक्ष म्हटला की एकच उंच सरळ खोड आणि शेंड्यावर झावळ्यांचा झुबका असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. नारळ आणि पोफळ यांनी ते पक्के केले आहे. परंतु याच कुलातील काही जाती केळीप्रमाणे बुंध्यापासून फुटवे काढतात व त्यांचे बेट तयार होते. लहान बागेला आणि घरातील कुंडीला याच जाती अधिक सोयीच्या होत.

याचे कारण ताडाच्या रचनेत आहे. ताड एकदलिकित असल्यामुळे त्याच्या खोडात आंब्या-वडासारखा ऊतककर नसतो. बहुधा फांद्याही फुटत नाहीत. खोडाची सारी वाढ शेंड्यावरील एका कोंबातून होते. म्हणून उंची आवरण्यासाठी एकखोडी ताडाचा शेंडा छाटणे म्हणजे झाड मारणेच होय. बेटातील वाढलेले खोड मात्र जमिनीलगत कापले तरी उरलेली खोडे जगतात आणि बुंध्याशी नवे कोंब येत राहतात.

बाजारात 'अरेका पाम' या नावाने मिळणारा ताड मूळचा मादागास्करचा. अरेका हे वस्तुतः सुपारीच्या प्रजातीचे नाव. या ताडाला ते व्यवहारात उगीच चिकटले आहे. पिवळसर देठ आणि बांबूसारखी वलयांकित खोडे ही त्याची ओळख. जगभर कुंड्यांतून वाढणाऱ्या या जातीची जंगली स्थितीत मात्र धोक्याच्या जवळ आलेल्या जातींत गणना होते.

अंधाऱ्या दिवाणखान्यासाठी ऱ्हॅपिस अधिक चांगला. तो दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनाममधील असून जपानात दीर्घकाळ जोपासला गेला आहे. बोटांसारखी विभागलेली पाने, तपकिरी धाग्यांनी वेढलेली बारीक खोडे आणि अतिशय मंद वाढ हे त्याचे विशेष. नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येत असल्याने बियांपेक्षा बेट फोडूनच त्याची लागवड करतात. हे काम पावसाळ्याच्या आरंभी करावे. प्रत्येक भागाला स्वतःची मुळे हवीत. बिनमुळांचा फुटवा क्वचितच तग धरतो.

कुंडी विकत घेताना बुंधा न्याहाळणे इष्ट. मेक्सिकोकडील शमेडोरिया एलेगन्स हा एकखोडी ताड. त्याची अनेक रोपे एका कुंडीत लावून बेटाचा आभास निर्माण केला जातो. रोपे सुंदर दिसतात, पण त्यांना फुटवे येणार नाहीत. एकाच वयाची, एकमेकांपासून सुटी खोडे दिसली तर तसे समजावे. खऱ्या बेटात जुन्या खोडाच्या पायथ्याशी कोवळे कोंब बिलगलेले असतात.