पाठीवर बिऱ्हाड, जिभेवर स्पॅनिश

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तीर्थयात्रा, लग्नाचे वऱ्हाड किंवा कॉलेजची सहल उभी राहते. परंतु नवरा-बायकोने लांब रजा काढून किंवा नोकरीच सोडून, पाठीवर पिशवी टाकून महिनोन् महिने परमुलुखात हिंडावे, तिथली भाषा शिकावी आणि तिथले उंच पर्वत चढावेत, असाही प्रवासाचा एक प्रकार आहे. पाश्चात्त्य देशांत तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत चांगलाच रुळला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत हा अशा जोडप्यांचा आवडता मुलूख. भूगोलाच्या तासाला अँडीजचे नाव ऐकले आणि पुढे ग्रंथालयात जे हाती लागले ते वाचत गेले. त्यातून जे उमगले ते येथे थोडक्यात मांडते.

हिलरी आणि जॉर्ज ब्रॅड्ट हे जोडपे या प्रवासाचे एक जुने उदाहरण. पेरू आणि बोलिव्हिया या देशांतील प्राचीन पायवाटा त्यांनी पायी तुडवल्या आणि ॲमेझॉनच्या एका उपनदीतून होडीने जाताना त्या वाटांची माहिती लिहून काढली. १९७४ साली तिचे पुस्तक निघाले. त्यातूनच पुढे ब्रॅड्ट ही प्रवासविषयक पुस्तकांची प्रकाशन संस्था उभी राहिली. म्हणजे दोघांची पायपीट मागून येणाऱ्यांची वाटाडी झाली.

आता भाषेकडे वळू. ब्राझीलसारखे काही देश सोडले तर दक्षिण आणि मध्य अमेरिकेत बहुतेक ठिकाणी स्पॅनिश चालते. म्हणून बरीच जोडपी पर्वताकडे जाण्यापूर्वी काही आठवडे भाषेसाठी राखून ठेवतात. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात अँतिग्वा नावाचे जुने शहर आहे. ते अशा शाळांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे एका विद्यार्थ्यासमोर एकच शिक्षक बसतो. रोज चार-पाच तास नुसते बोलायचे. राहायचे एखाद्या स्थानिक कुटुंबात, जेवायचे त्यांच्याच पंगतीला. जोडप्याला येथे एक अडचण येते. दोघे एकत्र असले की आपसांत मायबोलीच बोलतात आणि नवी भाषा मागे पडते. म्हणून नवरा एका शिक्षकाकडे आणि बायको दुसऱ्याकडे, अशी विभागणी उपयोगी ठरते.

मराठी माणसाला स्पॅनिश वाटते तितकी परकी नाही. दोन्ही भाषा एकाच विशाल भाषाकुळातल्या. आपल्या ‘तू’ला तेथेही ‘तू’च म्हणतात, आणि आदराने बोलायचे तर ‘उस्तेद’. आपण ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणतो, तसे तेही ‘निन्यो बुएनो, निन्या बुएना’ म्हणतात. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, फक्त ते नामाच्या मागून येते. ‘मला डोंगर आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता ला मोंतान्या’ असे होते. त्यात कर्ता ‘मी’ नसून डोंगर आहे, अगदी मराठीसारखाच. इंग्रज विद्यार्थी या रचनेपाशी अडखळतो, आपल्याला मात्र ती ओळखीची वाटते. उलट आपले एकच ‘आहे’ तेथे दोन क्रियापदांत वाटले जाते. ‘तो शिक्षक आहे’ याला ‘सेर’ आणि ‘तो आजारी आहे’ याला ‘एस्तार’. येथे मात्र आपल्यालाही कष्ट पडतील.

पर्वतावर भाषेची खरी परीक्षा होते. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे ‘माझे डोके दुखते’. हे साधे वाक्य वाटाड्याला वेळेवर सांगता आले तर जीव वाचू शकतो, कारण उंचीचा आजार बहुधा डोकेदुखीनेच सुरू होतो. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, पण हवेचा दाब उतरतो. सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. इक्वाडोरची राजधानी क्विटो सुमारे २,८५० मीटरवर, तर बोलिव्हियातील ला पाझ सुमारे ३,६०० मीटरवर वसलेले आहे. त्यापुढे कोतोपाक्सी ५,८९७, वायना पोतोसी ६,०८८ आणि अर्जेंटिनातील आकोंकाग्वा ६,९६१ मीटर.

यावर उपाय एकच, घाई न करणे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा अधिक उंचावू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. दिवसा उंच चढावे, रात्री खाली झोपावे. तेवढ्या अवधीत श्वासाची गती वाढते आणि रक्तातील तांबड्या पेशीही हळूहळू वाढतात. पण उलट्या होऊ लागल्या, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तडक खाली उतरावे. शरीर बलदंड असले म्हणून येथे सवलत मिळत नाही.

हिमाच्छादित शिखरावर चढाई मध्यरात्री सुरू होते, कारण उन्हाने बर्फ मऊ होण्याआत परतायचे असते. पुष्कळदा एक वाटाड्या आणि दोन गिर्यारोहक असे तिघे एका दोराला बांधलेले असतात. दोघांपैकी एकाला त्रास झाला तर दुसऱ्यालाही शिखर सोडून परतावे लागते. संसाराविषयी एवढा स्पष्ट धडा दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

या साऱ्या वाचनात एका हकिकतीपाशी मी फार वेळ थांबले. वायना पोतोसीच्या तळावर आयमारा जमातीच्या स्त्रिया परदेशी गिर्यारोहकांसाठी स्वयंपाक करीत, ओझी वाहत. त्यांतल्या कित्येकींचे नवरे वाटाडे होते. वर गेलेली माणसे उजळलेल्या चेहऱ्याने परतताना त्या रोज पाहत. वर काय आहे, हे आपणही पाहावे असे त्यांना वाटू लागले, आणि २०१५ साली त्या स्वतः चढू लागल्या. अंगात त्यांचा नेहमीचा घेरदार घागरा, ‘पोयेरा’. हा वेश करणाऱ्या ‘चोलिता’ स्त्रियांना पूर्वी शहरात हीन लेखले जाई, काही ठिकाणी प्रवेशही नसे. त्याच वेशात या गटातील स्त्रियांनी जानेवारी २०१९ मध्ये आकोंकाग्वाचा माथा गाठला.

माझी आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला शब्द कानावरून निघून जात, तेव्हा आपल्याला हे झेपायचे नाही, असे वाटे. आता वाटते, तो नालायकपणा नव्हता, नुसती उंची होती. नव्या उंचीवर प्रत्येकाचे डोके दुखते. दुखते हे सांगावे, थोडे थांबावे आणि पुन्हा पाऊल उचलावे.

परदेशातील जोडपे अँतिग्वाच्या शाळेत लहान मुलासारखे ‘हे काय, ते काय’ विचारते. त्या शिकलेल्या माणसांना त्याची लाज वाटत नाही. आपणही ती वाटून घेऊ नये. आपल्यातील प्रत्येकाला पाठीवर पिशवी टाकून अँडीजपर्यंत जाता येईल असे नाही. पण वसतिगृहातील शेजारच्या खोलीत कुणी कानडी, कुणी गोंडी, कुणी उर्दू बोलणारा असतोच. त्याच्यापाशी बसून दहा वाक्ये शिकायला पैसा लागत नाही. आणि कळसूबाई तर एका दिवसात चढून उतरता येते. मित्रमैत्रिणींनो, सुरुवात तेथून करू या.