भोपळ्याचे वाद्य

शनिवारी माझे आजोबा शाळेत तारपा शिकवायला आले. ते जव्हारकडचे. मुलं हसतील म्हणून मी मागे बसलो होतो.

आजोबांनी तारपा काढला. एकजण ओरडला, "अरे, हा तर दुधी भोपळा!" सगळे हसले. आजोबाही हसले. म्हणाले, "भोपळाच हाय रं, पण वाळवलेला."

वाळका भोपळा आतून पोकळ करतात. त्याला बांबूच्या दोन नळ्या बसवतात. नळ्यांत जिभळ्या असतात. फुंकले की त्या थरथरतात आणि आवाज येतो. फटी मेणाने बुजवतात. पुढे ताडाच्या पानांचा कर्णा असतो. त्याने आवाज मोठा होतो.

बाई म्हणाल्या, गारुड्याची पुंगीही भोपळ्याचीच. चीनमधली हुलुसी भोपळ्याची असते. आफ्रिकेतल्या कोराला अर्धा भोपळा व २१ तारा असतात.

तारप्याचा सूर तुटू देत नाहीत, कारण भोवती नाच चालू असतो. गालात हवा साठवायची, ती सोडताना नाकाने श्वास घ्यायचा. ऑस्ट्रेलियातले डिजेरिडूही असेच वाजवतात.

जव्हार तालुक्यातल्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. हे ऐकून हसणारे गप्प झाले.

मग आजोबांनी मला पुढे बोलावले. मी फुंकले तर नुसते फुस्स! आजोबा म्हणाले, "पपईच्या देठाची नळी घे. पाण्यात बुडबुडे काढ. बुडबुडे तुटले नाहीत की तारपा वाजंल." तुम्हीही करून पाहा.

माझे बुडबुडे अजून तुटतात. पण आजोबांनी दिलेल्या भोपळ्याच्या बिया आम्ही सगळ्यांनी कुंपणाजवळ लावल्या आहेत.