आधी छत, शेवटी सौर

शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावात दुकानाच्या वीजबिलाचा प्रश्न छतापासून सुरू होतो. सिंदफणेच्या काठच्या या भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याचा गाळा असेल तर दुपारी वरची धग थेट डोक्यावर उतरते. स्लॅबचा गाळा दिवसभर ऊन साठवतो आणि संध्याकाळी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, ते आत सोडतो. अशा गाळ्यात दीड टनाचा पाच स्टार एसी बसवला, तरी त्याच्या कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. बिल फुगते आणि दोष मात्र यंत्राच्या माथी जातो. अनुभवाने पटलेला क्रम म्हणून असा: आधी ऊन अडवावे, मग विजेचा भार घटवावा, त्यानंतर गारव्याचे यंत्र निवडावे आणि सौर पॅनेल शेवटी घ्यावे.

हा क्रम दुकानदाराने स्वतःहून पाळायचा आहे. केंद्राची २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी होती. चार-दोन किलोवॅटचा गाळा अशा नियमांच्या कक्षेत येत नाही.

ऊन अडवण्याची रीत मराठवाड्याला नवी नाही. जाड भिंती आणि मातीचे माळवद यांमुळे जुन्या घरांत भर उन्हाळ्यातही गारवा टिकत असे. आजच्या स्लॅबवर तेच काम पांढरा परावर्तक रंग करतो. चुना त्याहून स्वस्त, पण पावसात धुऊन जातो. तो दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा द्यावा लागतो. पत्र्याखाली उष्णतारोधक शीट लावून त्याखाली छत घ्यावे, मधल्या पोकळीतील गरम हवा बाहेर पडायला वाट ठेवावी. छतावर बसणारे, वाऱ्यावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर विजेविना चालते. दुकानाचे तोंड पश्चिमेला असेल तर दर्शनी बाजू पूर्ण काचेची करू नये. रुंद छज्जा किंवा दुपारपुरती ओढता येणारी कनात काचेवरच्या महागड्या फिल्मपेक्षा जास्त ऊन अडवते.

त्यानंतर भार. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले, तर महिन्याला साधारण ६५ युनिट वाचतात. कापड दुकानातील जुने हॅलोजन दिवे वीज तर खातातच, शिवाय दुकान तापवतात. एलईडीने दोन्ही त्रास कमी होतात. किराणा दुकानातला शीतपेयांचा फ्रिज रात्रंदिवस चालू असतो. तो भिंतीला चिकटवून किंवा उन्हात ठेवू नये आणि दाराचे रबर सैल झाले की लगेच बदलावे.

गारव्याच्या यंत्राची निवड करताना विजेइतकाच पाण्याचाही हिशेब करावा. कोरड्या उन्हाळ्यात कूलर एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत गारवा देतो, पण दिवसाकाठी कित्येक घागरी पाणी पितो. पाणीटंचाईमुळे २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, त्याच जिल्ह्यातला हा तालुका आहे. टँकरच्या पाण्यावर कूलर चालवणे परवडत नाही. पावसाळी दमट हवेत तर तो निरुपयोगीच. एसी घ्यायचाच असेल तर इन्व्हर्टर प्रकारचा घ्यावा आणि लेबलवरचे वर्षही पाहावे. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुना पाच स्टार नव्या पाच स्टारच्या तोडीचा नसतो. तापमान २४ अंशांवर ठेवावे. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

सौर पॅनेलबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतात. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. म्हणजे दहा बाय वीसच्या गाळ्यावर फार तर दोन किलोवॅट बसतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. व्यापारी मीटरच्या दुकानदाराने ते गृहीत धरून हिशेब मांडू नये. दुसरी गोष्ट, बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड संच महावितरणची वीज गेली की आपोआप बंद पडतो. लाइन दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवासाठी ही व्यवस्था असते. भारनियमनात दिवे हवे असतील तर बॅटरीचा खर्च आधीच धरावा. तिसरी गोष्ट पायाची: वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात, म्हणून जुन्या पत्र्यावर पॅनेल टेकवून न ठेवता गंज न लागणारा सांगाडा भक्कम आधाराला बोल्टने आवळून घ्यावा. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते. टंचाईच्या दिवसांत ती सकाळी मऊ कोरड्या ब्रशने झाडावी.

गाळा भाड्याचा असेल तर खर्चाची वाटणी करारातच लिहून घ्यावी. रंग, छत, छज्जा आणि पॅनेलचा सांगाडा ही वास्तूची कामे मालकाने करावीत. दिवे, पंखे, एसी भाडेकरूने घ्यावेत, म्हणजे गाळा सोडताना ते सोबत नेता येतात. हाताशी पैसा थोडा असेल तर पहिल्या वर्षी छताचा रंग आणि पंखे-दिवे एवढेच करावे, वर्षभराची बिले जपून ठेवावीत आणि घटलेल्या युनिटांवरून एसी व सौर संचाची क्षमता ठरवावी. त्यामुळे दोन्ही यंत्रे लहान लागतात आणि त्यांचा खर्च लवकर वसूल होतो.