लॉग दोनदा नको

प्रश्न : आरसी लो-पास फिल्टरची मापं ग्नूप्लॉटमध्ये घातली. डेसिबलमध्ये रूपांतर करून उभा अक्ष लॉग केला, तर आलेखच उमटेना. काय चुकलं?

उत्तर : तुम्ही लॉग दोनदा घेतलात. डेसिबलच्या आकड्यात तो आधीच मुरलेला असतो. शिवाय या फिल्टरचे आकडे शून्याखालचे, आणि ऋण संख्येला लॉग अक्षावर जागाच नाही. उभा अक्ष साधा ठेवा. लॉग करायचा तो वारंवारतेचा आडवा अक्ष.

सूत्रही तपासा. आउटपुट व्होल्टेज भागिले इनपुट व्होल्टेज, त्याचा १० पायाचा लॉग, गुणिले २०. मोजमाप पॉवरचं असेल तर गुणिले १०. ग्नूप्लॉटमध्ये नुसतं 'लॉग' लिहिलं की नैसर्गिक लॉग मिळतो. तिथे 'लॉग१०' हवं. (एक्सेलमध्ये नुसता लॉग १० पायाचाच! असल्या गमती प्रॅक्टिकलचा अख्खा तास खातात.) ओळखायची खूण सोपी : कटऑफ वारंवारतेला वक्र −३ डेसिबलवर यायला हवा. तो −६.९ वर दिसला, तर लॉग नैसर्गिक लागलाय.

मीटरने शून्य दाखवलेले बिंदू आलेखातून गाळा, शून्याला लॉग नसतो. वहीत मात्र त्यांची नोंद ठेवा, परीक्षक विचारतात.